जिन्यावरून सोडलेलं खोकं

आत्याला भांडायला निमित्त लागत नसे. समोर कुणी उभं राहिलं की पुरे. खिळे-स्क्रू विकणारा दुकानदार तिला लांबून येताना बघूनच मुठीत चार जास्तीचे खिळे धरून ठेवी, आणि तरी ती म्हणे, "काटा सरळ धर, मी आंधळी नाही." सख्खा भाऊ तिला ताई म्हणे, भावजय वन्सं म्हणे, बाकी सगळं जग आत्या म्हणे. मनातल्या मनात काय म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही.

भाऊ वल्ही करायचा. शर्यतीच्या होड्यांची, दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकी लांब, सगळी हातानं घडवलेली. दांडा आतून पोकळ, टोकाला रुंद पातं. ते इतकं पातळ की टिचकी मारली तर खणकन वाजायचं. असला नाजूक माल लांबलांबच्या क्लबांना धाडायचा म्हणजे जिवाला घोर. ते काम आत्याचं. सासरचं घर कायमचं सोडून ती एका ट्रंकेनिशी परत आली, तेव्हापासून कारखान्यावरच्या माळ्याची किल्ली तिच्या कमरेला होती. खाली भावाची रंधा मारण्याची जागा, मागच्या खोल्यांत त्याचा संसार, आणि वर आत्याचं राज्य. भावजयीलासुद्धा वर यायचं तर जिन्याखालून हाक मारावी लागे. त्या एका किल्लीवर आत्या ताठ मानेनं जगत होती. ती गेली असती तर उरलं असतं भावजयीच्या स्वयंपाकघरातलं एक पाट-पाणी आणि वर टोमणे.

तिच्या भरण्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. फळ्यांचं लांबलचक खोकं, तळाशी रंध्याच्या छिलक्यांची गादी, दांड्याला जुन्या चादरींच्या पट्ट्या, पात्याला फोम, त्यावर पुठ्ठा, मग झाकण आणि स्क्रू. एवढं झालं की परीक्षा! टेम्पोवाल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "हे मेले आपटणारच," ती म्हणे, "मग आधी मीच आपटून बघते." जिना सरळसोट होता. वरच्या पायरीशी खोकं आणायचं आणि लाथ मारून सोडून द्यायचं. धडधड धडधड करत ते खाली जाई आणि दाराशी टाकलेल्या भुशाच्या पोत्यावर आदळे. आत्या मागोमाग उतरे, खोक्याचं एक टोक उचलून हलवी, कान लावी. आत काही खुळखुळलं नाही, की माल पास. पुन्हा झाकण उघडायचा प्रश्नच नाही. जे आत्याच्या लाथेला पुरून उरलं त्याचं बाकीचे काय वाकडं करणार?

बरीच वर्षं हे निभावलं. पुढे क्लबवाल्यांना हलकी वल्ही हवीशी झाली, भाऊ पातं आणखी पातळ काढू लागला, आणि तक्रारी यायला लागल्या. पात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर. पाण्यात घातलं की तीच चीर वाढून पातं तुटून पडायचं.

आत्यानं चोर तिथल्या तिथे पकडला. टेम्पोवाला! म्हातारा माणूस, आत्याइतकीच वर्षं हा माल नेणारा. खोक्याखाली अंथरायला घरून स्वतःचं कांबळं आणायचा. तिनं त्याला भर रस्त्यात धरलं.

"पाडलंस ना? कबूल कर!"

"आत्या, माझ्या हातून आजवर एक खोकं पडलेलं नाही."

"मग काय आपोआप तडकतंय? थोबाड बघा, म्हणे पडलेलं नाही!"

तेवढ्यावर भागलं नाही. ती त्याच्या मालकाच्या दारात जाऊन बसली आणि त्याला कामावरून काढल्याखेरीज उठली नाही. म्हातारा कांबळं घडी करून काखेत मारून चालता झाला. वळून बघितलंसुद्धा नाही.

त्याच्या जागी त्याचाच पुतण्या आला. ओठ शिवल्यासारखा गप्प. आणि चिरा काही थांबल्या नाहीत. एका क्लबानं तर वल्ह्यांची जोडी दोनदा परत पाठवली. तेव्हा भावानं मान खाली घालून का होईना, सांगून टाकलं. "ताई, या वेळी तडकून आली, तर पॅकिंग बाहेर देणार. तुलाही जरा आराम."

"आराम मी मेल्यावर करीन!"

"माळा रिकामा झाला तर मुलांना अभ्यासाला होईल हो, वन्सं," भावजय आतून गोड आवाजात म्हणाली. आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

नवी जोडी भरताना ती कुणाशी बोलली नाही. फोम दुप्पट घातला. खोकं जिन्यावरून सोडलं, हलवलं, कान लावला. चिडीचूप. पास.

टेम्पो दाराशी लागला तशी ती खोक्यापुढे उभी राहिली. "थांब. हात लावायचा नाही." तिनं भावाला बोलावलं, भावजयीला बोलावलं, समोरच्या दुकानदारालाही ओढून आणलं. "हे सगळ्यांसमक्ष उघडते. शाबूत माल आहे तो डोळे फाडून बघून घे. मग तिकडे तडकलेला निघाला, तर काकाच्या वाटेला तुलाही लावते."

पुतण्या हात मागे बांधून उभा राहिला.

आत्यानं स्क्रू काढले, झाकण भिंतीला टेकवलं, पुठ्ठा बाजूला केला, फोम सोडला. पातं आरशासारखं चमकलं. "बघ!" म्हणत तिनं ऐटीत टिचकी मारली.

पातं वाजलं नाही. नुसतं थड्ड झालं.

तिनं खाली वाकून बघितलं. मुळाशी चीर. घाईघाईनं दुसरं वल्हं उघडलं. तिथेच, तशीच चीर. भावजयीनं तोंड उघडलं, पण भावानं तिच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. मग तो गुडघ्यावर बसला, पात्यावरून बोट फिरवत म्हणाला, "माझंच चुकलं. लाकूड कच्चं होतं. ताई, यात तुझा काही दोष नाही."

"गप्प बस!" आत्या ओरडली. "माझी कीव करतोस? तू माझ्या हातात दिलीस तेव्हा टिचकी मारून बघितलं होतं मी. दोन्ही खणखणीत होती. मी फोडली ही! लाथ मारून जिन्यावरून सोडली आणि फोडली. आजवरची सगळी मीच फोडली."

दुकानदारानं हळूच काढता पाय घेतला. आत्यानं कमरेची किल्ली ओढून काढली आणि भावजयीच्या पुढे केलेल्या हातावर न ठेवता खोक्यातल्या छिलक्यांत टाकली.

"शोधा आणि करा अभ्यास."

न्यायला काही उरलं नव्हतं. पुतण्या टेम्पोत चढला. आत्या त्याच्या खिडकीशी गेली.

"तुझ्या काकाला सांग," ती म्हणाली. आवाज भांडणाचाच होता, दुसरा तिला येत नव्हता. "सांग त्याला, त्यानं पाडलं नव्हतं."

"ते त्यांना माहीतच आहे, आत्या," पुतण्या म्हणाला, आणि त्यानं टेम्पो सुरू केला.