डब्यातली जागा

चांद्याला मोटारसायकलला कोणी मोटारसायकल म्हणत नसे, ती फटफटी. आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेली एका माणसाच्या बैठकीची जी गाडी असे, तो डबा. माझे वडील गुरांचे डॉक्टर होते, आणि त्यांच्या डब्यातून माणसांपेक्षा जनावरांनीच अधिक प्रवास केला. पाय मोडलेली वासरे, पोट फुगलेल्या शेळ्या, एकदा तर लुगड्यात गुंडाळलेले चितळाचे पाडस. ऊन चढले की डब्याच्या कातडी गादीतून फिनाइलचा, ओल्या केसांचा आणि दुधाचा मिळून एक वास वर येई. वडील अंगणात आले हे मी त्या वासावरून ओळखत असे. आवाजावरून तर सगळी गावे ओळखत.

ती गाडी दुसऱ्या महायुद्धाच्याही बरीच आधीची होती. एकाच सिलिंडरचे इंजिन, टाकीला लगटून गिअरचा दांडा, हँडलवर इंजिनातली ठिणगी मागेपुढे, म्हणजे उशिरा-लवकर, करण्याची कळ. चाल संथ. दोन ठोक्यांच्या मधे एवढी मोकळी जागा असे की तिथे श्वास घेता यावा. नागपूरला छंदःशास्त्र शिकताना यती म्हणजे काय, हे मी पाठ केले होते; ते कळले मात्र या इंजिनाच्या शेजारी उभे राहून.

मी नागपूरहून शिकून परतले त्या वर्षी पावसाळ्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, डावी बाजू शाबूत राहिली, उजवा हातही हळूहळू परत आला. उजवा पाय आला नाही. गाडी पडवीत गोणपाटाखाली गेली. मग एका धान-गिरणीच्या मालकाने निरोप धाडला की इंजिन चांगले आहे, गिरणीला जोडून टाकतो. वडिलांनी नकार दिला नाही. पौषातली फेरी होऊ द्या, एवढेच ते म्हणाले. त्या फेरीत गाडी गडचिरोलीला जाऊन आली नाही, तर खुशाल घेऊन जा. त्या रात्री ते जेवले नाहीत. इंजिनाबरोबर त्यांचे काय काय गिरणीत जाणार होते, ते आईला आणि मला बोलून दाखवावे लागले नाही.

फेरी म्हणजे जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्या चार-सहा जणांची वर्षातून एकदा निघणारी दिवसभराची सहल. एक वकील, एक लाकडाचे ठेकेदार, ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेले एक हवालदार, गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री आणि वडील. नव्या गाडीला तिथे मज्जाव होता. पहाटे जटपुरा दरवाजाबाहेर जमायचे, मूल-सावलीवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जेवायचे, दिवेलागणीला परतायचे. नियम एकच, आणि तो वडिलांनीच घातलेला: किक जो मारील, त्यानेच गाडी चालवायची. ठेकेदार पान लावत उभे राहत आणि किक त्यांचा गडी मारी, ते पाहून वडिलांना संताप आला होता. ठिणगी मागे घ्यायची राहिली तर किक उलटते आणि घोटा मोडते. तो धोका ज्याने पत्करला नाही, त्याचा गाडीवर हक्क नाही, असे त्यांचे सरळ म्हणणे होते.

इंजिन गंजू नये म्हणून दसऱ्यापासून ते मला रोज किक मारायला लावत. स्वतः पडवीतल्या खुर्चीत बसत आणि तिथूनच सांगत. कार्ब्युरेटरवर पेट्रोलचा थेंब दिसेपर्यंत थांब. पाय अर्धवट नको, पार खाली जाऊ दे. पाचवारी पातळात ते जमेना, म्हणून मी आईचे नऊवारी लुगडे कासोटा घालून नेसू लागले. पुढे पहाटेच्या धुक्यात गावाच्या परकोटाच्या भिंतीच्या कडेने गाडी थोडी थोडी चालवूही लागले. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. दूध घालणाऱ्यांनी ही बातमी शाळेपर्यंत नेली, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून, गाडीच्या धुराने घसा तर बसत नाही ना, एवढेच विचारले.

तरीही फेरीत मी गाडी चालवावी, हे कोणाच्या मनात नव्हते. मिस्त्रींची गाडी त्या वर्षी खोलून पडली होती. आमची गाडी ते चालवतील, वडील डब्यात बसतील आणि मी निरोप देऊन घरी परतेन, असे ठरले होते.

दरवाजाबाहेर सगळे जमले. थंडीने लोखंडाला हात लावता येत नव्हता. वकिलांनी डब्यात डोकावून पाहिले.

“भाऊ, आज डब्यात कोणतं जनावर आणलं?”

“म्हातारा बैल,” वडील म्हणाले. “मारका नाई.”

सगळे हसले, वडीलही हसले. पण त्यांचा डावा हात गुडघ्यावरच्या शालीत घट्ट वळलेला मी पाहिला. सवयीने मीच पुढे झाले, ठिणगी मागे घेतली आणि किक मारली. इंजिन लागले. मिस्त्री बैठकीवर टांग टाकणार, तोच वकिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मिस्त्री, थांबा. किक बाईनं मारली. नियम भाऊचा आहे, माझा नाई.”

हा टोमणा होता की कळवळा, ते मला आजवर ठरवता आलेले नाही. कोर्टात हसावे तसे ते हसत होते. सगळ्यांचे डोळे वडिलांकडे लागले. नियम मोडायचा तर त्यांनी एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होते.

“बस,” ते मला म्हणाले. “अन् सडकेकडे पाह्य. माझ्याकडे नाई.”

मी बसले. पुढच्या गाड्यांचा धूर, त्यातला वंगणाच्या जळक्या एरंडेलाचा वास, आणि हाताच्या तळव्यांतून खांद्यापर्यंत चढणारे ते थरथरणे. मूल मागे पडेपर्यंत मला दुसरे काही आठवत नाही. मग ऊन आले आणि डोळे उघडल्यासारखे झाले. धान कापून नेलेल्या बांध्यांमध्ये लाखोळीचे कडधान्य निळे फुलले होते. बोड्यांच्या, म्हणजे शेतांमधल्या लहान तळ्यांच्या, पाण्यावरून वाफ उठत होती. सागाची वाळली पाने चाकांखाली मोडत आणि तो आवाज इंजिनाच्या ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत नेमका बसे.

सावलीच्या अलीकडे सडकेच्या कडेला एक शेतकरी बैल धरून उभा होता. पुढच्या गाड्या त्याने जाऊ दिल्या. आमच्या गाडीचा आवाज त्याने दुरूनच ओळखला होता. मी थांबले. त्याने आधी मला पाहिले, मग डब्यात.

“डागतर, तुमी डब्यात काऊन बसले जी?”

वडिलांनी पायाकडे बोट दाखवले. “आता हे पोरगी चालवते. बैल आण इकडे.”

बैलाचे तोंड डब्याच्या काठावर आणले गेले. त्याचा ऊन, कडब्याच्या वासाचा श्वास माझ्या बाहीवर आला. वडिलांनी डाव्या हाताने जबडा उघडला, जिभेखाली बोट फिरवले आणि बाभळीचा काटा उपसून शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवला. त्याने मूठभर लाखोळीच्या कोवळ्या शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या आणि डागतरले हळू नेजो बाई, असे बजावले.

वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. मुख्य धार दोन डोंगे जोडून त्यांवर फळ्या टाकून ओलांडायची. पुढे लांबवर वाळू. तिच्यावर ढिवरांनी, नदीवरच्या कोळ्यांनी, बैलगाड्यांसाठी बांबूचे तट्टे आणि धानाची तणस अंथरलेली. मधे ओली दलदल होती, तिला वळसा घालून तट्ट्यांची वाट डावीकडे एकदम वळत असे. ठेकेदारांची गाडी तिथेच रुतली, आणि ढिवरांनी ती ढकलून काढली. आमच्या गाडीला तीन चाके, म्हणजे रुतायला एक अधिक. हवालदारांनी सगळ्यांच्या वतीने सुचवले की डॉक्टरांना बाजेवर घालून पलीकडे न्यावे; डबा रिकामा झाला की गाडी हलकी होईल. दोन ढिवर बाज घेऊन आलेसुद्धा. मलाही ते बरोबर वाटले.

वडील हलले नाहीत. “डावीकडचं वळण आहे. डबा रिकामा केला तर उचलेल, अन् ते उलटेल. मले इथंच बसा लागते.”

त्या सगळ्यांच्या गाड्या दोन चाकांच्या. डब्याची गाडी त्यांच्यापैकी कोणी कधी चालवली नव्हती. ती वडिलांनी आयुष्यभर चालवली होती, आणि भरलेल्या डब्यानेच चालवली होती. रिकामा डबा काय करतो, हे पहिल्या वर्षी त्यांनी एका नाल्यात शिकून घेतले होते, असे त्यांनी तिथेच सांगितले. बाज परत गेली.

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. तट्ट्यांचे बांबू कडकडले. वाळू गिळू पाहते तेव्हा हातातले हँडल जिवंत होते. आवळले तर ते भांडते, सैल धरले तर वाट शोधते. वळण आले. डब्याचे चाक हलके होताना मला पाठीच्या कण्यात कळले. त्याच क्षणी वडील बाहेर झुकले. डाव्या हाताने डब्याची कड पकडून, आपल्या शाबूत अंगाचे सारे वजन घेऊन ते वाळूच्या बाजूला इतके ओणवले की त्यांच्या शालीचे टोक तणशीवरून घासत गेले. चाक खाली बसले. ते तसेच राहिले, मी वळण पुरे करेपर्यंत. मी वेग बदलला नाही. त्यांनी वजन काढले नाही. ती गाडी आम्ही दोघांनी चालवली, आणि हे विधान मी अलंकार म्हणून करत नाही.

पलीकडच्या काठावर घट्ट माती लागली तेव्हा मागून ढिवरांची आरोळी ऐकू आली. वडील सरळ बसले. त्यांचे डोळे वाळूने लाल झाले होते आणि ते लहान मुलासारखे ताठ बसले होते. त्यांची मुलगी म्हणून मिरवण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात पुष्कळ आले. त्यांतला हा पहिला, असे मी धरते.

गडचिरोलीला झाडाखाली भात-वरण जेवताना वकिलांनी वडिलांना डब्याच्या वजनाविषयी खोदून खोदून विचारले, आणि वडिलांनी मातीवर काडीने वळण काढून समजावले. परतीच्या वाटेवर वळण उजवीकडचे होते. तिथे त्यांना झुकावे लागले नाही, याची त्यांनी तक्रारही केली.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा माणूस बैलगाडी घेऊन आला, तेव्हा आमच्या पडवीत मिस्त्री गुडघे टेकून बसले होते आणि वडील खुर्चीतून त्यांना जागा दाखवत होते. डब्याच्या डाव्या कडेला, बाहेरून, हाताला घट्ट सापडेल अशी एक लोखंडी मूठ बसवायची होती. छिद्रे पाडून झाली होती. माणसाने मूठ पाहिली, छिद्रे पाहिली. मग त्याने बैल वळवले, आणि आई त्याच्यासाठी चहा घेऊन मागून गेली.