पायाळूची टाच

राखोलीच्या कारखान्यात मी कापड तपासतो. आठवडाभर तापाने अंथरुणात होतो. उठलो तो थेट रात्रपाळीच्या उंच स्टुलावर, पाय लोंबकळत. दोन-चार पाळ्या झाल्या आणि डावी पोटरी सुजून तट्ट झाली. लाल, गरम, हात लावला तरी कळ.

टोकरखाड्याच्या आमच्या चाळीत दुखणं एकाचं आणि डॉक्टरकी सगळ्यांची. कुणी म्हणे नस चढली, कुणी म्हणे उसण भरली. शेवटी आणलाच त्यांनी आमच्या धुळ्याकडचा पायाळू काका. जन्मताना पाय आधी बाहेर आले, एवढीच याची पदवी. अशा माणसाचा पाय फिरला की उसण उतरते म्हणतात. त्याने चप्पल काढली आणि मला मळमळलं. भेगाळलेली टाच, भेगांत मशीनचं काळं ऑइल, पिवळी नखं. त्यात लसूण जाळलेल्या तेलाचा तो वास!

"पाय लागू दे भो, उतरी जाई," काका म्हणाला.

"ती टाच अंगाला लागली तर इथेच ओकेन," मी म्हणालो. किळस आली ती आली, खोटं कशाला बोलू? काका तणतणत गेला. बायको तोंड फुगवून बसली. "म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का?"

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आलो, गोळी घेतली आणि दुपारभर मेल्यासारखा झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सूज मांडीकडे सरकलेली दिसली, तेव्हा कुठे बायकोला घेऊन दवाखाना गाठला.

सोनोग्राफी झाली. पोटरीत खोलवरच्या शिरेत रक्ताची गाठ होती. तापात पडून राहिलो, मग तासन् तास बसून. रक्त तुंबलं आणि गोठलं, असं डॉक्टर म्हणाले. पाय चोळला, दाबला तर गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. माणूस बसल्या जागी जातो.

"किसीने दबाया तो नहीं?"

"नाही साहेब," मी फुशारकीने म्हणालो. "एक आला होता, हाकलला."

बायकोचा पदर तोंडाशी गेला. "अहो, काल दुपारी मी काकांना बोलावलं. तुम्ही झोपेत होता. हळूच पाय फिरवला त्यांनी. तुम्ही कण्हलात, पण उठला नाहीत."

ती टाच माझ्या कातडीवर फिरली होती! मी पोटरी पुसायला हात खाली नेला. पण डॉक्टरांनी घाईने स्टेथोस्कोप छातीला लावला. "लंबी साँस लो."

बायकोवर ओरडायचं होतं, पण आधी श्वास पुरतो का ते बघायचं होतं. मी भीत भीत तो आत ओढला.