पार्बताबाईंची बोली

पार्बताबाईंना मी कधी बसून बोलताना पाहिलं नाही. आदिलाबादजवळच्या मावल्याला त्यांचं अडीच एकराचं भाजीचं वावर होतं, क्रिकेटच्या मैदानाला अगदी लागून. मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. डोक्यावर वांग्यांची टोपली असो की हातात विळा, बोलायचं ते चालता चालता, आणि समोरचा बसला असेल तर त्यालाही उठवायचं. "बसून काय बोलता मास्तर, पाय कुजतीन!" असं म्हणत त्या पुढे निघायच्या आणि आपण मागे.

मी तेव्हा आदिलाबादच्या शाळेत गणित शिकवत होतो. बँकेतले देशमुख आणि सायकल दुकानवाले रहीमभाई हे माझे दोन सोबती. देशमुखांचा भाऊ अमेरिकेत होता. त्याने एकदा पत्रात लिहिलं, की इथले लोक बेसबॉलमधल्या चेंडू फेकणाऱ्यांचा खोटा खोटा लिलाव करतात. खेळाडूंना पत्ताही नसतो. आपण घेतलेला खेळाडू खऱ्या सामन्यात चांगला खेळला की आपल्याला गुण. आम्हाला हे फार आवडलं. मावल्याच्या मैदानावर दर हिवाळ्यात आठ संघांचे सामने होत. आम्ही त्यांतल्या सुरुवातीच्या गोलंदाजांचा लिलाव करायचं ठरवलं. प्रत्येकाला शंभर चिंचोके, त्यात तीन गोलंदाज घ्यायचे. विकेटला गुण मिळणार, वाईडला कापले जाणार.

पहिल्या वर्षी धुऱ्यावर बसून आम्ही एका उंच गोलंदाजाची किंमत ठरवत होतो. देशमुख साठ म्हणाले. मागून हसू आलं.

"त्या लांबड्याले साठ? तिसऱ्या ओवरले पानी मागते तो!"

पार्बताबाई होत्या. धुऱ्याच्या पलीकडून त्यांनी दहा वर्षांचे सामने पाहिले होते. मी सहज विचारलं, "मग मावशी, तुम्ही कोणाला घ्याल?" त्यांनी टोपली खाली न ठेवता तीन नावं सांगितली. एकही नाव आमच्या यादीत वरचं नव्हतं. "विकेट पाहू नका. विकेट झेल पकडनाऱ्याच्या हाती असते. वाईड मात्र ज्याची त्याची. अन् सहाव्या ओवरले पाय कुठं पडते, ते पाह्यजा." त्या वर्षी आम्ही त्यांना गमतीने चौथा भिडू केलं. त्यांचे तिन्ही गोलंदाज मिळून त्यांना अठ्ठावीस चिंचोक्यांना पडले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना धुतलं. पुढची दोन वर्षंही तेच. मी वहीत सरासरी काढायचो, आणि त्या म्हणायच्या, "वही मिटा. मानूस पाहा."

चौथ्या वर्षी त्यांचा मुलगा गजानन लिलावात आला. माझाच जुना विद्यार्थी. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा आणि रविवारी असा चेंडू टाकायचा, की यष्टीरक्षक चार पावलं मागे सरकायचा. अंतिम सामना पाहायला हैदराबादहून निवड करणारे येणार, अशी बातमी होती. निवड झाली तर नोकरी पक्की, असं सगळे म्हणत होते.

रहीमभाईंच्या दुकानात त्याचं नाव पुकारलं गेलं. पार्बताबाई दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"मावशी, बोला की. पोरगा तुमचा आहे," देशमुख म्हणाले.

"तुमी घ्या. मी नाई बोलत."

आम्हाला वाटलं, आईला संकोच वाटत असेल. देशमुख पन्नासवर गेले, मी साठला घेतला. बाहेर पडल्यावर त्या माझ्याबरोबर भराभर चालू लागल्या.

"मास्तर, तो सकाळी चप्पल पायानंच सरकवून घालते. वाकत नाई. बुटाची नाडी बहिनीकडून बांधून घेते. कमर दुखून राह्यली त्याची."

"मग त्याला सांगा ना."

"सांगतलं. त्यानं ताट फेकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात त्या वेळी काय होतं, ते आजही मला नीट आठवतं. माझे साठ चिंचोके वाया जाणार, हे होतं.

उपांत्य सामन्याच्या सकाळी गजानन मला मैदानाच्या कडेला भेटला. इकडे तिकडे पाहत हळूच म्हणाला, "सर, कमरेत कळ येऊन राह्यली. आज नको टाकू का?"

त्याने कॅप्टनला विचारलं नाही, आईला विचारलं नाही, मला विचारलं. मी म्हणालो, "आज टाक. आज हरलात तर हैदराबादचे लोक येऊन पाहणार कोणाला?" बोलणं खोटं नव्हतं. पण मी देशमुखांच्या दोन विकेट मागे होतो, हेही खरं होतं.

त्याने चार षटकांत तीन विकेट घेतल्या. मी टाळ्या वाजवत होतो. पाचव्या षटकात चेंडू टाकता टाकता तो कोसळला. हात टेकून उठला. कॅप्टनने चेंडू पुन्हा त्याच्या हातात दिला. तेवढ्यात चिखलाच्या पायांनी पार्बताबाई धुरा ओलांडून सरळ खेळपट्टीवर आल्या.

"अम्मा! अम्मा!" अंपायर ओरडला. "मॅच चालू हाय!"

"माहीत हाये. दोन बॉल बाकी हायेत," त्या म्हणाल्या आणि मुलापुढे हात पसरला.

"माय, जाय तू. सगळे पाहून राह्यले."

"पाहू दे."

तो बराच वेळ चेंडू धरून उभा होता. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने चेंडू दिला. त्यांनी तो अंपायरच्या हातात ठेवला, मुलाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला चालवत बाहेर आणलं. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"मास्तर, त्यानं तुमाले सांगतलं होतं?"

"हो."

"घेतलं होतं ना तुमी त्याले? मंग सांभाळाचं कोनी?"

मणक्याला चीर गेली होती. तीन महिने तो फळीवर पडून होता. हैदराबादचे लोक आले आणि दुसऱ्याच एकाला निवडून गेले. गजाननने सगळा राग आईवर काढला. सहा महिने तो तिच्याशी बोलला नाही. ती ताट घेऊन आली की भिंतीकडे तोंड करायचा. ती ताट ठेवून वावरात जायची. पुढे तो हिंडूफिरू लागला, भाजीचा धंदा सांभाळू लागला. चेंडू मात्र पुन्हा हातात धरला नाही.

पुढच्या हिवाळ्यात लिलावाला त्या येणार नाहीत, असंच आम्ही धरलं होतं. आल्या. पहिलं नाव पुकारलं.

"त्याले इचारलं का?" पार्बताबाई म्हणाल्या.

दुसरं नाव. "त्याले इचारलं?"

देशमुख हसले. "मावशी, हा कागदावरचा खेळ आहे."

"कागदावर मी पन खेळली देशमुख सायब. कमर मानसाची मोडली."

रहीमभाईंनी सगळे चिंचोके डब्यात भरले. त्यानंतर आम्ही तो खेळ कधी खेळलो नाही. मी मावल्याचा रस्ताच सोडला. बाजारात त्या दिसल्या तर दुसऱ्या गल्लीने जायचो.

दहा वर्षांनी त्या गेल्याचं कळलं, तेव्हा तेराव्याला गेलो. गजानन मांडवाबाहेर उभा होता, केस काढलेला. मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो नाही. म्हणालो, "गजू, त्या दिवशी मी तुला टाक म्हणालो, ते फक्त हैदराबादच्या लोकांसाठी नव्हतं. माझे चिंचोके अडकले होते तुझ्यात."

तो म्हणाला, "माहीत हाये सर. मायनं तवाच सांगतलं होतं. म्हने, मास्तरायले तू काई बोलू नको. ते सोताच येऊन सांगतीन एक दिवस."

"मी तर कधी आलो नाही रे."

"म्हनून तर," तो म्हणाला, "कोनी फाटकापाशी आलं का पाहाची ती. म्हने, मास्तर असतीन."