चालत्या मशीनला कुंकू

मी सासूवर ओरडले तेव्हा शेडमधली निम्मी माणसं पेढा तोंडात धरून उभी होती. खंडेनवमीचा दिवस. कामगारांच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, लेकरं झेंडूच्या माळा ओढतायत, लेथला आंब्याची डहाळी बांधलेली, आणि मी दारातूनच किंचाळले, "कुणी बंद केलं हे? कुणी हात लावला?" सासूबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. अगदी साधेपणानं म्हणाल्या, "म्या केलं, माय. चालत्या मशीनला कुंकू लावत नसतेत."

चिकलठाण्याला आमचं लहानसं शेड आहे. कूलरचे पंप बनवतो. टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवतात तो मुठीएवढा प्लॅस्टिकचा पंप, पाणी वर चढवून गवताच्या जाळीवर सोडणारा. आमच्या गावच्या मे महिन्यात तो बंद पडला की घरातली सगळी माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात, इतका तो महत्त्वाचा. धंदा सासऱ्यांनी उभा केला, ते गेल्यावर नवरा बघतो. मी लग्नाआधी कॉलेजात तासिकेवर स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, म्हणून क्वालिटीचं काम माझ्या गळ्यात पडलं. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते.

त्या वर्षी बाहेरगावच्या एका मोठ्या कूलर कंपनीची ऑर्डर यायच्या बेतात होती. अट एकच: पंपाची दोन वर्षांची गॅरंटी द्या, आणि ती कशाच्या जोरावर देता ते दाखवा. ही ऑर्डर मिळाली तर शेजारचं रिकामं शेड घेता येणार होतं. नवरा झोपेतसुद्धा त्या शेडची मापं बडबडायचा. दाखवायचं काम माझं. मी कोपऱ्यात एक लांबलचक टाकी बसवली, बोअरचं पाणी भरलं, चाळीस पंप सोडले आणि रात्रंदिवस चालू ठेवले, म्हणजे दोन उन्हाळ्यांचं पळणं काही महिन्यांतच पुरं होतं.

आता पंप किती जगतो हे नीट सांगायचं तर सगळे मरेपर्यंत बसून राहायला पाहिजे. एवढा वेळ कुणाला आहे? म्हणून ठरलेल्या मुदतीला चाचणी थांबवतात. जे बंद पडले त्यांचं आयुष्य कळलं. जे चालूच आहेत त्यांना मेलं म्हणता येत नाही आणि अमर झाले असंही म्हणता येत नाही. 'निदान इथपर्यंत तरी चालला' एवढंच त्यांच्याबद्दल धरायचं. त्यांना सेन्सॉर्ड म्हणतात. आलेख काढला की तो जिन्यासारखा उतरतो. पंप मेला की एक पायरी खाली. चालू असताना चाचणीतून बाहेर पडला तर पायरी उतरत नाही, त्या जागी नुसती बारीक खूण करायची. पण एक अट आहे. बाहेर पडायचं कारण त्या पंपाच्या तब्येतीशी जोडलेलं असता कामा नये. कुणाचा पाय लागून वायर तुटली, तर खूण चालेल. धापा टाकतोय म्हणून काढला, तर नाही चालणार. ही अट मी फळ्यावर लिहायचे आणि तिच्याखाली खडूनं दोन रेघा मारायचे. पोरं वैतागायची.

नवमीला सगळ्या मशीनी थांबवून पूजा करायची आणि दसरा होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, ही आमच्या शेडची पहिल्यापासूनची रीत. मी नवऱ्याला आठवडाभर आधी बजावलं होतं, सगळं बंद करा पण माझी टाकी चालू राहू द्या. "हो हो, मी सांगतो आईला," म्हणाला. नवऱ्यांचं 'मी सांगतो' म्हणजे काय असतं ते बायकांना वेगळं सांगायला नको.

आत्यांनी नुसती टाकी बंद केली नव्हती. पाणी उपसून काढलं होतं. एकेक पंप बाहेर काढून पदरानं पुसला होता, न्हाऊ घातलेल्या लेकराला पुसतात तसा, आणि पाटांवर ओळीनं मांडून हळदकुंकू लावलं होतं. त्यांची कंबर धरते, खाली बसलं की उठताना भिंत लागते. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्कल आहे का काही? दोन महिन्यांच्या मेहनतीची माती केलीत!"

अक्कल. सासूला. कामगारांच्या बायकांसमोर.

आत्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या बायकांकडं बघितलं, करंडा खाली ठेवला आणि पेढ्यांचं ताट उचलून पुढं वाटायला लागल्या. मला तेव्हा लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू. राग आला की मला बरं वाटतं, अंगात ताकद आल्यासारखं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी भरून बटण दाबलं. सात पंप नुसते हूंऽ करत राहिले, फिरेनात. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे क्षारच क्षार. पंप चालू होते तोवर तो क्षार आतल्या दांड्याला घट्ट बसत नव्हता. पंप कोरडे झाले आणि तो सिमेंटसारखा धरला. मी तशीच घरी आले, पुंडलिकनगरला. आत्या मेथी निवडत होत्या. चपलाही न काढता मी म्हणाले, "झालं समाधान? तुमच्या पूजेनं माझे सात पंप मारले." त्यांनी हातातली जुडी परातीत ठेवली आणि भिंतीला धरून उठल्या.

संध्याकाळी नवरा हळूच म्हणाला, "मेले कुठं? चालू होते, आपण बंद केले. ते तुझं काय असतं, सेन्सॉर्ड, तसं धर की."

मी त्याच्यावर डाफरले. पण खरं सांगते, त्याच्या आधी ते माझ्याच मनात येऊन गेलं होतं. सात खुणा केल्या की जिना जिथल्या तिथं राहत होता आणि दोन वर्षांची गॅरंटी बसत होती. सात पायऱ्या उतरवल्या की जिना खाली कोसळत होता. आणि त्या पायऱ्याच आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं. दर वर्षी होळीच्या सुमारास गच्चीवरून कूलर खाली येतो, पंप हूंऽ करतो आणि फिरत नाही, हे या गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. मी स्वतः आमच्याच शेडचा पंप स्क्रू ड्रायव्हरनं टोचून, शिव्या देऊन चालू करते. आठ महिने कोरडा पडून राहणं हेच तर कूलरच्या पंपाचं आयुष्य. पंपाला खरा प्रश्न आत्यांनी विचारला होता. मी दोन महिने पंपांना नुसतं पळवत होते.

तरी मी खुणाच केल्या. सातही.

कंपनीकडून एक मॅडम शेडवर आल्या. वयानं तिशीच्या आतल्या, बोलायला मऊ, नजर मात्र धारेची. आलेख बघता बघता त्यांचं बोट त्या खुणांवर थांबलं. "एकाच दिवशी सात पंप बाहेर? असं कसं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढं आल्या. पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच टेबलावर ठेवल्या आणि नातीच्या वयाच्या त्या पोरीपुढं दोन्ही हात जोडले. "बाई, ती चूक माही हाय. म्या पूजेसाठी बंद केले, त्यानं खराब झाले. मला अडाणीला काय कळतंय? ह्या पोरीचा दोष नाय. तिचं काम लई चोख हाय."

मॅडम एकदम उठून उभ्याच राहिल्या. "अहो आजी, हात कशाला जोडता? होतं असं. बाहेरचं कारण आहे ना, मग या खुणा बरोबरच आहेत." त्यांनी लॅपटॉप मिटला. नवऱ्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मी चहा प्याले. हे लिहिताना हात जड होतो, पण प्याले, पूर्ण कप. आत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांचं ते 'चोख' माझ्या कानात घुमत होतं. माझ्या खोट्यासाठी त्यांनी स्वतःला गुन्हेगार करून घेतलं होतं, आणि तसं त्यांना वाटायला लावलं होतं मीच, मेथीच्या परातीपाशी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना बायका, तसं मला झालं.

"मॅडम," मी म्हणाले, "ते सात मेलेत असं धरा." टेबलाखाली नवऱ्यानं माझा पाय दाबला. मी सगळं सांगितलं: गच्ची, होळी, स्क्रू ड्रायव्हर, क्षार. आत्यांमुळं बिघडले नाहीत, बिघडणारच होते, त्यांच्यामुळं नुसते दिसले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लॅपटॉप परत उघडला. दोन वर्षांची ऑर्डर तिथंच गेली. महिनाभरानं एका वर्षाच्या गॅरंटीची लहानशी ऑर्डर आली. शेजारचं शेड दुसऱ्या कुणीतरी घेतलं. आता आम्ही आतला दांडा बदललाय, आणि चाचणीत दर आठवड्याला टाकी रिकामी करून पंप वाळवतो.

त्या दिवशी घरी जाताना आत्या गाडीत मागून म्हणाल्या, "कशापायी गं माझ्यासाठी एवढं केलंस? हातातली ऑर्डर घालवलीस."

"तुमच्यासाठी नाही हो आत्या, खरंच ते तसंच होतं."

"व्हय माय, कळतंय मला," म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला.

त्यानंतर मी नाना परीनं समजावलं. गच्चीवर नेऊन कूलर दाखवला, पंप हातात दिला. तुम्ही केलंत ते बरोबरच होतं, म्हणाले. त्या मान हलवतात. रागानं बोलले ते त्यांनी खरं धरलं, आणि शांतपणे सांगते ती त्यांना माझी माया वाटते. पंपाच्या टाकीजवळ त्या आता फिरकत नाहीत.

संक्रांतीला नणंदेकडं वैजापूरला गेलो. घर बायकांनी भरलेलं. आत्यांनी माझा हात धरून मला मधे बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "माझ्या हातनं लई मोठी चूक झाली होती. हिनं ती पांघरूण घालून झाकली. एवढी मोठी ऑर्डर सोडली, पण मोठ्या सायबिनीसमोर माझी लाज जाऊ दिली नाय. पोटची लेक करणार नाय एवढं." बायकांचे डोळे भरले. "तसं काही नाही, आत्या," मी म्हणाले, तर त्या आणखीच हसल्या. शेजारी एका बाईची नवी सून बसली होती, माझ्याकडं टक लावून बघत. मला कुणाच्याच तोंडाकडं बघवेना. मी मान खाली घातली.

"बघ," ती बाई सुनेला म्हणाली, "शिक काहीतरी. एवढं करून कशी मान खाली घालून बसलीय."