पेटीतला पासपोर्ट

"तुमाला किती टक्के मिळत्यात?" बाळासो मेटकरींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, बसू का नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरं माना खाली घालून बसलेली असताना, लाल पटक्यातला हा उंच, वाळका माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं माझी दलाली विचारली.

मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. एवढ्या वर्षांत माझ्यावर पुस्तकं दडपल्याचे आळ आले, पंखा लावत नाही म्हणून तक्रारी गेल्या, पण एजंट मला कोणी म्हटलं नव्हतं. मी तडकलेच.

"कसले टक्के?"

"पोरी परदेशी धाडायचं. म्या पल्लवीचा बाप."

आता त्यांचंही सगळंच चुकत नव्हतं. आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर परदेशात डॉक्टर करून देतो म्हणणाऱ्यांचे सात फलक आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांवर किर्गिझस्तानचं नाव आहे. बाळासोंच्या गावचा एक पोरगा असाच गेला आणि एजंट गायब झाल्यावर दुसऱ्या वर्षी हात हलवत परत आला. त्यामुळं लेकीनं "आबा, मला किर्गिझस्तानला बोलावलंय" म्हटल्याबरोबर त्यांनी पोस्टानं घरी आलेला तिचा पासपोर्ट उचलला, पत्र्याच्या पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेच्या करगोट्याला बांधली. मेंढरांबरोबर ती पेटीही त्यांच्या टेम्पोतून रानोमाळ फिरायला लागली.

पल्लवीचं प्रकरण मात्र वेगळं होतं, आणि त्याला जबाबदार मीच. आटपाडीकडच्या धनगराची ही मुलगी आमच्याकडं इतिहासात एम.ए. करत होती. एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेलं रशियन पुस्तकांचं एक कपाट आमच्याकडं अकरा वर्षं कुणी उघडलं नव्हतं. हिनं त्यातला शब्दकोश नेला आणि नऊ वेळा मुदत वाढवून घेतली. दहाव्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "अगं, करतेस काय याचं?" तर म्हणाली, "किर्गिझस्तानातले मेंढके मेंढरांना हाका कशा मारतात ते वाचायचंय. एका व्हिडिओत बघितलं. एक हाक अगदी आमच्या वाड्यातल्यासारखी वाटली."

धनगर मेंढरांसह जिथं मुक्काम टाकतात त्यालाच वाडा म्हणतात. तर अशा वाड्यातून निघालेला हा प्रश्न. मला तो इतका आवडला की मीच तिच्यामागं लागले. मध्य आशियावर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या ईमेल यादीत मी स्वतःचं नाव घातलं, कारण पल्लवीला गावाकडं रेंज नसायची. कुठली जुनी मासिकं फुकट वाचायला मिळतात, कुठं संध्याकाळी ऑनलाइन रशियन शिकवतात, कुठल्या दप्तरखान्याची सूची उघडी आहे, हे सगळं मी शोधून देत होते. त्याच यादीवर ती शिष्यवृत्ती दिसली. मेंढपाळांवर काम करणाऱ्या परदेशी अभ्यासकांसाठी किर्गिझस्तानात दहा महिने, तिकीट, राहणं, तीन महिने भाषेचा वर्ग. पल्लवीनं अर्ज केला, तिची निवड झाली आणि तिकडच्या प्राध्यापक नुरलान यांचं बोलावण्याचं पत्र आलं. एकतीस मार्चच्या आत पासपोर्टची प्रत पाठवायची होती, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

"फुकट?" बाळासोंनी विचारलं.

"हो. त्याला शिष्यवृत्ती म्हणतात."

"तुमी गेल्ता तिकडं?"

"नाही."

"त्या मास्तरला बघितलाय?"

"नाही. पण त्यांचं पत्र..."

"कागुद म्या बी लय बघितल्यात," ते म्हणाले आणि चालते झाले.

नंतर कळलं की संशय हा त्यांचा स्वभाव नव्हे, धंदाच होता. बाजारात मेंढरू घेताना ते विकणाऱ्याचं एक अक्षर ऐकत नाहीत. आधी त्याचं तोंड उघडून दात बघतात. जनावरांचा डॉक्टर आला की लशीची बाटली आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावतात. उद्या वाडा कुठं हलणार हे बायकोलासुद्धा सामान चढवल्यावर कळतं. आणि हेही सांगितलं पाहिजे की तीस वर्षांत त्यांचं एक मेंढरू चोरीला गेलेलं नाही.

शेवटी पल्लवीनं वाट काढली. "आबा, तुम्हीच बोला त्या सरांशी. मग ठरवा." ते कबूल झाले. सत्तावीस मार्चला मी तिच्याबरोबर इस्लामपूरजवळच्या एका ऊस तुटलेल्या रानात गेले. कशाला गेले? दलालीचा आळ घेऊन घरी बसणाऱ्यांतली मी नव्हे.

संध्याकाळचे सहा वाजत होते. मेंढरं जाळीच्या कुंपणात आली होती. बाळासोंनी मला पोत्यावर बसवलं, चहा दिला आणि फोनकडं संशयानं बघत विचारलं, "तितं आता किती वाजल्यात?"

"साडेसहा," पल्लवी म्हणाली.

"निस्ता अर्धा तास? मग परदेश कसला त्यो? हितंच कुठंतरी बसला आसंल."

फोनवर प्राध्यापक नुरलान आले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, मागं पुस्तकांचं कपाट. पल्लवी मध्ये बसून मोडक्यातोडक्या रशियनमधून आबांचं त्यांना आणि त्यांचं आबांना सांगत होती. बाळासोंनी एकच प्रश्न टाकला.

"पहिल्या वेताच्या मेंढीनं कोकरू जवळ घेतलं न्हाई, तर तुमी काय करता?"

प्राध्यापक हसले. म्हणाले, मी शहरातला. माझ्याकडं मेंढ्या नाहीत, पण या विषयावर एक चांगला लेख आहे, तो पाठवतो.

"बंद कर," बाळासो म्हणाले. पल्लवीनं कसाबसा निरोप घेतला. "मेंढरांवर शिकवतो आन दारात मेंढरू न्हाई? मास्तर खोटा हाय."

आता मात्र माझा तोल गेला. "बाळासो, चार दिवस राहिलेत. पोरगी दोन वर्षं खपलीय. तुम्हाला तिला पाठवायचंच नसेल तर तसं सांगा, त्या सज्जन माणसाला खोटं पाडू नका. दुखणं काय आहे तुमचं?"

मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी जाळीची एक सुटलेली गाठ आवळली. मग म्हणाले, "आसाच एक आलाता. चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप. चाळीस वर्सं झाली. म्या पोरसवदा हुतो."

त्यांची आई, बनाबाई, त्या सगळ्या मुलखातल्या वाड्यांवर ठाऊक होती. मेंढी कोकराला दूध द्यायला तयार नसली की बनाबाई दोघांच्या मध्ये बसायची आणि काहीतरी गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसता सूर. मेंढी आधी लाथा झाडायची, मग ऐकायची, मग कोकराला चाटायला लागायची. हे ऐकून तो माणूस आला होता. तीन आठवडे वाड्यावर राहिला, सगळं टेप केलं आणि दिवाळीला टेप घेऊन येतो म्हणाला.

"दिवाळी झाली की आमी वाडा हलवतो. आय म्हणायची, आज नगं, उद्या निगू, त्यो बाबा यील. चार वर्सं आमी येक दीस उशिरा निघालो. पाचव्या वर्साला ती ऱ्हायली न्हाई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तिचा आवाज कुणाच्या तरी कपाटात हाय, बाई. माज्याजवळ न्हाई."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे मला माहीत होतं. पण हे पोळणं माझ्याच धंद्यातलं निघेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयाचं बाकी काम बाजूला टाकलं आणि ध्वनिसंग्रहांच्या सूच्या उपसायला बसले. असल्या सूच्या कशा वाचायच्या हे मला येतं; तेवढं एकच मला चांगलं येतं. दुपारी चारला एका परदेशी विद्यापीठाच्या सूचीत एक नोंद सापडली. मी ती छापली आणि तीस तारखेला पल्लवीबरोबर पुन्हा वाड्यावर गेले.

बाळासोंनी ती मला दोनदा वाचायला लावली. "मेंढपाळ स्त्रीचे गुणगुणणे, मेंढीसाठी. सांगली परिसर, भारत. अकरा मिनिटे. गाणारीचे नाव नोंदवलेले नाही. केवळ नोंदणीकृत संशोधकांसाठी."

"तीन आठवडं तिच्या हातची भाकरी खाल्ली," ते म्हणाले, "आन नाव न्हाई लिवलं?"

ती बनाबाई की दुसरी कोणी, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. पण मला लाज वाटली. 'नाव अज्ञात' असं मी स्वतः किती कार्डांवर लिहिलंय याची गणती नाही, आणि एकदाही मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"आबा," पल्लवी हळूच म्हणाली, "मी तिकडं जाऊन संशोधक झाले, तर मला हे ऐकता येईल. आजीच असेल तर तुम्हाला आणून देईन."

बाळासोंनी लेकीकडं पाहिलं. तशी नजर मी ओळखत होते. टक्के विचारताना त्यांनी माझ्याकडं तसंच पाहिलं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "आन तितं तू बी मशीन लावशील. कुणाच्या तरी आयचा आवाज पिशवीत घालून आणशील. ती बाई बसंल वाट बघत."

इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस त्या परक्या लोकांवर संशय घेतोय. पेटीला कुलूप घातलं होतं ते लेकीवरही भरवसा नव्हता म्हणून.

तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजला. प्राध्यापक नुरलान होते, पण कपाटासमोर नव्हते. बाळासोंचा प्रश्न त्यांना लागला असावा. ते शहर सोडून डोंगरातल्या आपल्या मावशीच्या गावी गेले होते. मावशीचं नाव अनारा. डोक्याला रुमाल, उन्हानं रापलेला चेहरा, आणि मागं दाराशी मेंढरं, मागचा भाग चरबीनं जाड झालेली.

बाळासोंनी आधी मेंढरंच बघितली. "दात दाखवायला सांग."

मी कपाळाला हात लावला. पण पल्लवीनं सांगितलं, प्राध्यापकांनी मावशीला सांगितलं, आणि मावशीनं खो खो हसत एका मेंढीचा जबडा धरून फोनसमोर उघडला.

"चार दाती," बाळासो म्हणाले. म्हणजे दोनेक वर्षांची मेंढी. एवढं त्यांना पटलेलं दिसलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला.

अनारानं उत्तर दिलं नाही. तिकडं मेंढ्या विण्याचे दिवस होते. ती कोपऱ्यातल्या एका मेंढीजवळ गेली, एक ओलं कोकरू मांडीत घेतलं आणि मेंढीच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, नुसता सूर. बनाबाईचा सूर असाच होता का, ते मला कसं कळणार? बाळासो उठले आणि पाठ फिरवून जाळीपाशी जाऊन उभे राहिले. पटक्याच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं. परत आले तेव्हा तिकडची मेंढी कोकराला चाटत होती.

"पल्ले," ते म्हणाले, "आता म्या बोलतो ते तिला सांग. तुज्या तोंडानं सांग. येक शबुद गाळू नगंस."

पल्लवीनं मान हलवली.

"म्हण, ही पोरगी तुमच्याकडं यील. तुमच्या हातचं खाईल. मशीन लावील, लावू द्या. पर आदी तुमचं नाव लिवून घ्यायला लावा, तुमच्या देकत. आन तुमचा आवाज तुमच्या घरात आणून दिल्याबिगार हिला माघारी सोडू नगा. माजी पोरगी हाय म्हणून इस्वास ठिवू नगा. हिचा पासपोर्ट घ्या आन तुमच्या पेटीत कुलपात घाला."

पल्लवीनं एकेक शब्द सांगितला. पासपोर्टपाशी आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्राध्यापकांनी ते मावशीला तिच्या भाषेत सांगितलं. मावशी या वेळी हसली नाही. तिनं कोकरू खाली ठेवलं, रुमालाला हात पुसले आणि तळहात फोनसमोर पसरला, जणू पासपोर्ट आत्ताच हातात पडणार होता. काहीतरी बोलली.

"काय म्हणती?" बाळासोंनी विचारलं.

"ठेवीन म्हणते," पल्लवी म्हणाली.

बाळासोंनी करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली काढली.