वालूरच्या बायनाबाईचे खडे

बायनाबाई हळदीवर मंतर मारते, अशी कुजबुज वालुरात उठली होती. कुणी उठवली ते विचारू नका. निम्मी तरी माझीच होती. पण मी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत होतो. महारुद्रच्या हळद शिजवायच्या कुकरवर ती बसे. हळद भरलेल्या ड्रमच्या झाकणातून वाफ सुटली की तिचे ओठ हलू लागत, आणि थोड्या थोड्या वेळानं पदराच्या ओटीतला एक खडा ती मातीत टाकी. मधेच कुणी बोललं तर हातानंच गप्प करी. खडे संपले की म्हणे, "उघडा."

साठीची बाई, पण ड्रम कधी उघडायचा हा शब्द तिचाच. हळद कच्ची राहिली तर नीट वाळत नाही, जास्त शिजली तर रंग जातो. बाकीच्या बाया दिवसभर पाट्या वाहत. बायनाबाईला त्या पाटीखाली परत जायचं नव्हतं.

गेल्या फाल्गुनात दिनकररावांची हळद कुकरवर आली. शेजारच्या घरात काय शिजतंय हे रस्त्यावरून नुसत्या वासानं ओळखणारा हा माणूस. बाई "उघडा" म्हणाली, तसे ते आडवे आले.

"थांब की बायनाबाई! शिजल्याचा वास कुठं सुटलाय? का आज मंतर लवकर सरला?"

"शिजलीय."

"आन् कच्ची निघाली तर?"

"तर उद्यापासून म्या ह्या ड्रमापाशी दिसणार न्हाई."

महारुद्र घाबरला. "मावशे, असं बोलू न्हाई. थांबू की जरा."

"झाकण काढ. न्हाईतर म्या काढते."

तिनं पदर खोचला, तेव्हा त्यानं काढलं. दिनकररावांनी स्वतः गड्ड्यात काडी खुपसली. आरपार. आणखी चार गड्डे टोचून पाहिले. आरपार.

"दुसरा ड्रम मात्र माझ्या नाकावर सोडायचा," ते म्हणाले. सोडला. त्यातल्या हळदीचं पिठलं झालं.

मंतर काढून घ्यायला मी तिच्या सुनेला, निकिताला, बाजारात गाठलं. ती हसायलाच लागली. "कसला मंतर, आबा! कोरोनानंतर एक हंगाम त्या मुद्दाम दुसऱ्याच्या कुकरवर पाट्या वाहायला गेल्या. दर ड्रमाला काडी टोचायच्या आन् मोजायच्या. कुणाला सांगू नका हं."

मला सांगितलं म्हणजे झालंच.

बायनाबाईला वास येत नाही. कोरोनात गेला तो गेलाच. घड्याळ तिला कळत नाही. वाफ सुटली की ती वीस मोजते आणि एक खडा टाकते. तीस खड्यांत हळद शिजते.