मुंगीच्या बेचाळीस पायऱ्या

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पावणेसहाला कारखान्यात, आणि सहाच्या ठोक्याला बेचाळीस पायऱ्या चढून क्रेनच्या केबिनमध्ये. सगळे त्याला मुंगी म्हणायचे. बारा टनांचं ओझं तो साखरेचा दाणा न्यावा तसं न्यायचा. मी खाली उभा राहून हाताने इशारे द्यायचो. एकवीस वर्षं आमची जोडी होती.

क्रेनवर एक नियम कडक. उचल, सरक, ठेव हे इशारे एकाच माणसाचे. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावं, अगदी झाडूवालीनेसुद्धा. आणि ते ऐकायचंच.

एकदा साखळीचा दुवा तुटला. ओझं हातभर उंचीवरून पडलं, कोणाला खरचटलंही नाही. मुंगीने पाळी पुरी केली. तीन महिन्यांनी एका साध्या सकाळी त्याने ओझं नीट खाली ठेवलं, ब्रेक लावला आणि उतरून आला. घामाने चिंब, बोटं बधिर, श्वास पुरेना.

“गेलो रे मी,” म्हणाला.

तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत. महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा हृदय ठणठणीत. इथे तो चुकला. हृदय ठीक म्हणजे काहीच झालेलं नाही असं त्याने धरलं आणि तोंड मिटलं. कळलं तर केबिन जाईल, ही धास्ती. एकेक साखळी सहा-सहा वेळा तपासायचा. झोप उडाली, पोटात जळजळ, रक्तदाब वाढला. मी पाहत होतो आणि गप्प होतो. ती माझी चूक.

वहिनी गप्प बसली नाही. एका रविवारी मी त्यांच्याकडे चहा पीत होतो.

“अहो, तुमच्या कामात थांब कोणी म्हणायचं?” तिने मुंगीला विचारलं.

“कोणीही.”

“मग मी म्हणते, थांबा. भावजी, तुम्ही साक्षीदार.”

“अगं, तो क्रेनवरचा नियम आहे.”

“सहा महिने तुम्हाला उचलतेय, ती क्रेन नाही तर काय?”

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच साहेबांना सांगितलं. केबिन गेली. खाली साखळ्या बांधायचं काम मिळालं, पगार कमी. मग तो मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, धोक्याची घंटा एकदा खऱ्या कारणाने वाजली, आता उगाच वाजते. धडधड खरी आहे, नाटक नाही, पण तिने जीव जात नाही. भीती चढते तशी उतरते. ती उतरेपर्यंत जागा सोडायची नाही.

गोळ्या होत्या, श्वासाचा सराव होता. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत, क्रेन बंद असताना, केबिनचा जिना. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या.

“काय रे, वर हवा कशी आहे?” मी विचारलं.

“सहाव्या पायरीवर कसली हवा. गप उभा राहा.”

सतराव्या पायरीवर नऊ दिवस अडकला. बेचाळिसावीला पाच महिने लागले. डॉक्टरीणबाई आणि साहेब, दोघांनी सही केल्यावर केबिन परत मिळाली. पहिल्या दिवशी त्याने नुसता रिकामा हूक उचलला, सरकवला, ठेवला. निवृत्तीपर्यंत आठ वर्षं टिकला.

भीती अजून अधूनमधून येते. साठवलेल्या पगारातून त्याने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट आहे, पण तो जिन्याने चढतो. धडधडलं तर पायरीवर बसतो, खाली उतरत नाही. पायऱ्या पन्नास आहेत.

“आठ जास्त,” तो म्हणतो.